सत्काराला गेलेली काचपट्टी

मित्रांनो, मी काचेची एक जुनी पट्टी आहे. बोटभर लांब आणि अंगठ्याएवढी रुंद. सूक्ष्मदर्शकाखाली जी सरकवतात ना, तीच. माझ्यासारख्या पट्ट्या शाळा-कॉलेजात डबे भरभरून असतात आणि त्या फुटल्या तर कोणी मागे वळूनही पाहत नाही. त्यामुळे माझी गोष्ट तुम्ही का ऐकावी, हे मला नीट सांगता येणार नाही. मी सांगून पाहते. कंटाळा आला तर पान उलटा.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. आठवतं ते नागपूरच्या एका कॉलेजातलं प्राणिशास्त्राचं कपाट. पुठ्ठ्याच्या डब्यात आम्ही बहिणी एकमेकींना चिकटून पडलो होतो. कोणाच्या नशिबी कांद्याची साल येई, कोणाच्या नशिबी माशीचा पंख. तास संपला की नळाखाली धुऊन पुन्हा डब्यात. मला वाटे, माझंही असंच चालेल. त्यात काही वाईट आहे असं मला वाटत नव्हतं, आणि आता तर ते फार चांगलं वाटतं.

मला बाहेर काढलं दीप्तीने. ती मूळची नागपूरजवळच्या कुहीकडची. कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायची, म्हणजे जितके तास तितकाच पगार आणि तितकीच ओळख. तास संपले की ती प्रयोगशाळेच्या कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून हुमणी चिरायची. हुमणी म्हणजे भुंगेऱ्याची अळी. पांढरी, गुबगुबीत, इंग्रजी सी अक्षरासारखी वळून बसलेली. शेणखताच्या खड्ड्यात ती ढिगाने सापडते. दीप्तीच्या आईकडे, प्रयागबाईंकडे, दोन म्हशी होत्या आणि घरामागे शेणाचा मोठा खड्डा होता. दर रविवारी दीप्ती घरी जाऊन खड्डा उकरायची आणि डबा भरून हुमण्या नागपूरला आणायची.

हुमणीच्या आतड्यात बारीक कृमी राहतात. दोऱ्याच्या तुटक्या टोकासारखे. नुसत्या डोळ्यांना दिसले तर दिसले. जगात कोणाला त्यांची पर्वा नाही, दीप्तीला होती. ती काडीच्या टोकाला पापणीचा एक केस चिकटवायची आणि त्या केसाने एकेक कृमी उचलायची. गरम पाण्यात टाकला की तो वळवळ सोडून सरळ होतो. मग आठवडे लावून त्याच्या अंगातलं पाणी काढायचं आणि तिथे ग्लिसरीन मुरू द्यायचं. घाई केली तर तो सुरकुततो. मी डब्याच्या फटीतून हे पाहत असे आणि मला वाटे, लोणचंसुद्धा कोणी इतक्या जपून घालत नसेल.

तिला एक शंका होती. या खड्ड्यातले कृमी पुस्तकातल्या एका जुन्या जातीसारखे दिसत, पण डोक्याकडची ठेवण किंचित वेगळी वाटे. किंचित म्हणजे शंकेपुरतीच. माद्या शेकड्याने मिळत होत्या, पण माद्यांवरून काही ठरत नव्हतं. या कुळात खरा फरक असतो नराच्या शेपटीत. शेपटीजवळ एक काटा असतो आणि त्याच्या भोवती बारीक उंचवटे. ते कसे मांडलेत त्यावरून जात ओळखतात. आणि नर काही केल्या मिळेना. या कृमींमध्ये नर मुळात विरळा, आकाराने मादीच्या पावपटही नाही. सगळा पावसाळा दीप्ती एका नरासाठी हुमण्या चिरत होती.

तो सापडला तेव्हा मी तिथेच होते. ती ओरडली वगैरे नाही. तिने खुर्ची मागे सारली, खिडकीपाशी जाऊन उभी राहिली आणि पुन्हा येऊन पाहिलं. मग डब्यातून हाताला येईल ती पट्टी घेतली. ती मी होते. माझ्यात वेगळं काही नव्हतं, हे मी मुद्दाम सांगते. मधल्या थेंबात तिने तो नर ठेवला. वरच्या काचेच्या दाबाने तो चेपू नये म्हणून बाजूला काचेचे तंतू ठेवले, भोवती मेणाचं कडं केलं आणि कडेने बिनरंगी नेलपॉलिश फिरवून हवा बंद केली. मग माझ्या एका टोकाला तिने लाल कागदाची चिठ्ठी लावली.

लाल चिठ्ठी सर्वांना मिळत नाही. नवीन जातीचं वर्णन करताना शास्त्रज्ञ एकच प्राणी निवडतात आणि म्हणतात, हा मूळ नमुना. पुढे जगात कोणालाही शंका आली, तर त्याने हाच नमुना पाहायचा. चित्र चुकू शकतं, मोजमाप चुकू शकतं. नमुना डोळ्यांसमोर ठेवला की वाद मिटतो. म्हणून तो संग्रहालयात द्यायचा असतो, आणि थंड जागी, आडवा ठेवायचा असतो. आमचं संग्रहालय कोलकात्याला होतं. दीप्तीने लेखात तसं लिहिलंही: नमुना कोलकात्याच्या संग्रहालयात ठेवला आहे.

त्या वर्षी दसऱ्याला प्रयागबाई दीक्षाभूमीवर आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी दीप्ती त्यांना प्रयोगशाळा दाखवायला घेऊन आली. पांढरं लुगडं, हातात पिशवी, पिशवीत पुस्तकं आणि चिवडा. त्यांनी टेबलावरची नेलपॉलिशची बाटली उचलली.

"हे तुले कायले लागते वं? नखं तर उघडीच आहेत तुही."

"काचेला लावतो आई."

"घ्या! लोकाईच्या पोरी नखं रंगवते, अन् माही पोरगी काच रंगवते."

दीप्तीने मला सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. प्रयागबाईंनी एक डोळा मिटला, मग दोन्ही मिटले, मग कसाबसा एक उघडला.

"हाच का तो नवरदेव? ज्याच्यासाठी माह्या खड्ड्याची चाळण केली?"

"हाच."

"लहानसाच आहे बिचारा. पण ऐटदार आहे."

"आई, याला तुझं नाव द्यायचं म्हणते मी. नवीन जातीला नाव द्यावं लागते. खड्डा तुझा आहे."

"अळीच्या पोटातल्या किड्याले माहं नाव?"

"लाज वाटंल का तुला?"

"काहून वाटंल? माह्याच शेणातला आहे ना. शेण मी उचललं, काही चोरून नाही आणलं." मग त्या म्हणाल्या, "इंग्रजीत लिहिशील का?"

"लॅटिनमध्ये."

"ते काय असते?"

"आपल्याकडे पाली आहे ना, तसंच. जुनं. आता कोणाच्या घरी बोलत नाहीत."

"मग बरोबर आहे," प्रयागबाई म्हणाल्या. "मले वाचता नाही येणार, अन् दुसऱ्यालेही नाही येणार."

माझ्या आयुष्यात कोणी हसून माझ्याकडे पाहिलं असेल तर ते त्या दिवशी. म्हणजे माझ्याकडे नव्हे, माझ्यातून पलीकडे. काचेच्या वाट्याला तेवढंच येतं.

विभागप्रमुख होते ओमप्रकाश सर. माणूस दुष्ट होता असं मी म्हणणार नाही. त्यांनी दीप्तीला टेबल दिलं, सूक्ष्मदर्शक दिला, लेख दोनदा वाचला आणि चुका काढल्या. त्या विभागात एक रीत होती. नवीन कृमी सापडला की त्याला संस्थेतल्या कोणाचं तरी नाव द्यायचं. एका माशाच्या कृमीला जुन्या प्राचार्यांचं नाव होतं, एका बेडकाच्या कृमीला संस्थापकांचं. ज्यांची नावं दिली त्यांच्यापैकी कोणीही ते कृमी पाहिले नव्हते.

"आईचं नाव मनात असू दे," सर म्हणाले. "हे अध्यक्षांना देऊ. बाबूजींचं पंच्याहत्तरावं आहे. अमृतमहोत्सव. आणि कायम जागेची जाहिरात निघून राहिली, तुला माहीत आहे."

संस्थेचे अध्यक्ष रुपरावजी. त्यांना सगळे बाबूजी म्हणत.

दुसऱ्या दिवशी दीप्तीने लेखातलं नाव बदललेलं होतं. ती जागा तिला हवी होती, आणि ती मिळेल असं कोणी थेट म्हटलंही नव्हतं. लेख छापून आला. आता त्या जातीचं रुपरावजींच्या नावाशी जुळलेलं नातं कोणी तोडू शकत नव्हतं. नियम असा आहे की एकदा छापलेलं नाव मागे घेता येत नाही. तरी दीप्तीकडे एक गोष्ट उरली होती. जात तिने शोधली होती. नावाच्या पुढे, शोधणाऱ्याच्या जागी, सरांच्या बरोबरीने तिचं आडनाव लागलं होतं. ते खरं आहे हे सांगायला साक्षीदार एकच होता, तो माझ्यावर होता, आणि मी अजून नागपुरातच होते.

तिने मला कापसात गुंडाळून लाकडी पेटीत घातलं. पार्सल बांधायची वेळ आली तेव्हा सर आले.

"ती लाल चिठ्ठीवाली दे. बाबूजींच्या स्मृतिचिन्हात बसवू."

दीप्तीला आधी कळलंच नाही. "सर, ही कोलकात्याला जायची आहे. लेखात लिहिलं आहे आपण."

"जाईल ना. कार्यक्रम झाला की जाईल."

"मादीची पट्टी देऊ का? माद्या पुष्कळ आहेत. नाहीतर फोटो मोठा करून, फ्रेम करून..."

"फोटो तर सगळेच देतात."

"सर, नर एकच आहे."

"अगं, म्हणूनच तर!" सर मनापासून म्हणाले. "दहा असते तर त्यात बाबूजींचा काय मान? आपल्याकडे जे एकच आहे ते द्यावं माणसाला."

मित्रांनो, मी यावर फार विचार केला आहे. सरांचं म्हणणं माणसांच्या रीतीप्रमाणे चुकीचं नव्हतं. पाहुण्याला एकुलती एक चांगली खुर्ची देतात, तसंच ते. पण जे जगात एकच आहे ते कोणाला देऊन टाकायचं नसतं, ते सगळ्यांसाठी सांभाळायचं असतं. इतकं शिकलेल्या माणसाला हे सुचलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. दीप्तीला सुचलं होतं. तिने पेटी उघडून दिली.

मला लकडगंजला, लाकूडकामाच्या एका दुकानात नेलं. तिथे सागवानी ढाल तयार होती, मध्ये माझ्या मापाची खाच. कारागीर कामाचा चोख होता. माझ्या कडेला त्याला चिकट काहीतरी लागलेलं दिसलं. त्याने थिनरमध्ये बोळा भिजवला आणि मला चकचकीत पुसून काढलं. ते चिकट म्हणजे दीप्तीने फिरवलेलं नेलपॉलिश होतं. त्याला कोणी सांगितलं नव्हतं, मग त्याला दोष कसा देऊ? मला खाचेत चिकटवलं, वर पारदर्शक झाकण बसवलं आणि खाली पितळी पट्टीवर लिहिलं, 'विज्ञानमहर्षी'.

सत्काराला मोठा मांडव होता. शाल झाली, श्रीफळ झालं, मग मी. टाळ्या वाजल्या. निवेदिका म्हणाली की बाबूजींच्या नावाचा जीव आता जगाच्या पाठीवर अजरामर झाला आहे. कोणता जीव, हे तिने सांगितलं नाही. तिला ते सांगितलेलं नसावं. दीप्ती मागच्या रांगेत होती. पाहुण्यांना गुलाबपाणी शिंपडायचं काम तिच्याकडे होतं.

बाबूजींच्या बंगल्यात मला दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये ठेवलं. उभं. पश्चिमेच्या खिडकीसमोर. वर एक दिवा, जो पाहुणे आले की लागायचा, आणि पाहुणे रोज यायचे.

"हे काय आहे बाबूजी?"

"शोध आहे. माझं नाव लागलं आहे त्याले. फॉरेनच्या पुस्तकात आहे."

"दिसत काहून नाही काही?"

"सूक्ष्म आहे," बाबूजी गंभीरपणे म्हणायचे, आणि पाहुणे माना डोलवायचे.

बाबूजींच्या पत्नी सुमतीबाई ढाल रोज फडक्याने पुसायच्या. एवढी निगा माझी कोणीच केली नव्हती. फक्त ती बाहेरून होती. आत ग्लिसरीन हळूहळू खाली ओघळत होतं. हिवाळा कसातरी निघाला. मे महिन्यात नागपूरचं ऊन पडदा फाडून आत येतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. बंद काचेच्या कपाटात, दिव्याखाली, मेणाचं कडं मऊ झालं, मग पातळ झालं. थिनरने उघडी पडलेली कड सुटली. ग्लिसरीन गेलं त्या वाटेने हवा आत आली. तो नर आधी सरकला, मग वळला, मग सुरकुतला. काटा कुठे आणि उंचवटे कुठे हे शेवटी मलाही कळेना, आणि तो तर माझ्या अंगावर होता. मला ओरडता येत नाही. तडा द्यावा म्हटलं तर तोही आपल्या मनाने जात नाही.

दरम्यान कायम जागेची मुलाखत झाली. ती जागा दुसऱ्या कोणाला तरी मिळाली. ही गोष्ट बाबूजींच्याच दिवाणखान्यात, चहा घेताना, दोन वाक्यांत ठरली. दीप्तीचं नाव निघालंही नाही.

काही काळाने दीप्ती बंगल्यावर आली. दक्षिणेतल्या एका विद्यापीठातली संशोधिका या सगळ्या कुळाची फेरतपासणी करत होती. तिने कोलकात्याला विचारलं. तिथून उत्तर गेलं की असा नमुना आमच्याकडे आलेलाच नाही. मग तिने दीप्तीला लिहिलं: तुमच्या नराची शेपटी मला पाहायची आहे. पाहिल्याशिवाय मी ही जात मानू शकत नाही.

दीप्ती सोफ्याच्या कडेवर बसली. "बाबूजी, ती पट्टी काही दिवस पाहिजे होती. तपासून परत आणून देईन."

"सत्कारात दिलेली वस्तू कोणी परत मागते का?"

"परत नाही, बाबूजी. तपासायला."

"एकदा तपासली ना तुम्ही? का न तपासताच देली मले?"

"जी, देऊन टाका," सुमतीबाई आतून म्हणाल्या. "तेवढंच पुसायचं कमी होईल."

"तू थांब वं! माझ्या नावाची इज्जत आहे ते." ते दीप्तीकडे वळले. "आहे तरी काय त्याच्यात असं? कीटक आहे ना?"

दीप्तीला खोटं बोलता आलं असतं. "कीटक नाही, बाबूजी. हुमणीच्या आतड्यात राहतो. कृमी."

"कृमी म्हणजे?"

"जंत," सुमतीबाई दारात येऊन म्हणाल्या.

बाबूजी सोफ्यावरून अर्धवट उठले.

"माझ्या नावाचा जंत?"

"अगं बाई," सुमतीबाईंनी पदर तोंडाला लावला. "अन् मले वाटे, फुलपाखरू असंल. मी आलेल्या गेलेल्याले फुलपाखरूच सांगून राहिली ना!"

विनवणीने जे झालं नसतं ते लाजेने झालं. बाबूजींनी स्वतः शोकेस उघडली आणि ढाल दीप्तीच्या मांडीवर टाकली. "घेऊन जा. अन् त्या ओमप्रकाशले सांगा, मले भेट म्हणा."

प्रयोगशाळेत दीप्तीने ब्लेडने मला खाचेतून सोडवलं. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. आधी लहान भिंग, मग मोठं, मग पुन्हा लहान. माझ्यावर एक तपकिरी रेघ होती आणि तिच्या बाजूला हवेचे बुडबुडे. ती खूप वेळ भिंग फिरवत राहिली. जणू नीट फिरवलं तर तो परत येईल.

ओमप्रकाश सर बाबूजींकडून नुकतेच आले होते. त्यांचा चेहरा उतरलेला होता. "ड्रॉइंग आहे ना आपलं?" ते म्हणाले. "मोजमापं आहेत. ती पाठवून दे."

तिने पाठवली. पुन्हा कुहीला जाऊन खड्डाही उकरला, पण प्रयागबाईंनी गुडघ्यांमुळे म्हशी विकल्या होत्या आणि खड्डा केव्हाच वाळला होता. शेजाऱ्यांच्या खड्ड्यांतून हुमण्या आणल्या. माद्या निघाल्या. नर निघाला नाही.

पुढच्या वर्षी फेरतपासणी छापून आली. त्यात या जातीवर तीन ओळी होत्या. मूळ नमुना नष्ट झाला आहे. माद्या जुन्या जातीहून वेगळ्या दिसत नाहीत. एकाच नराच्या चित्रावरून निर्णय करता येत नाही, म्हणून ही जात संशयित धरावी. संशोधिकेने काही चुकीचं लिहिलं नव्हतं. तिच्या जागी दीप्तीनेही तेच लिहिलं असतं. बाबूजींना ही बातमी गेली तेव्हा ते म्हणे फार खूश झाले. नाव मात्र तरीही पुसलं जात नाही. ते यादीत तसंच आहे, दीप्तीच्या आडनावासकट, आणि आता त्या दोघांच्या अलीकडे एक प्रश्नचिन्ह आहे.

तो नर खरोखर नवीन जातीचा होता का? मित्रांनो, मला तसं वाटतं. पण मी काच आहे. माझ्या वाटण्याला शास्त्रात किंमत नाही, आणि कदाचित मला त्याचा लळा लागला असेल म्हणूनही तसं वाटत असेल.

दीप्तीने मला धुतलं नाही. ती अजून त्याच कॉलेजात आहे, अजून तासांवरच. दरवर्षी पहिल्या वर्षाची नवी मुलं आली की ती मला सूक्ष्मदर्शकाखाली ठेवते आणि काही न सांगता एकेकाला बोलावते. यंदा भावना नावाची मुलगी पहिली आली. तिने बराच वेळ डोळा लावला.

"मॅडम, काहीच नाही दिसून राहिलं."

"नीट पाहा."

"एक डाग आहे नुसता. मला जमत नाही वाटते."

"तुला जमलं," दीप्ती म्हणाली. "ती नवीन जात होती. वहीत लिही, डाग आहे."

भावनाने डोळा पुन्हा लावला, मग दीप्तीकडे पाहिलं, आणि लिहिलं.

मी तुम्हाला उपदेश करण्याइतकी मोठी नाही. एक विनंती करते. तुमच्या शाळेत, गावात, कोणाच्या कपाटात जगातली एकुलती एक अशी काही वस्तू असेल, तर तिला थंड जागी आडवी ठेवा, आणि जिने ती सांभाळली तिला विचारल्याशिवाय हात लावू नका. ती नाही म्हणाली तर तिचं ऐका. मोठ्या माणसाचा सत्कार जरूर करा. त्याला झेंडूचा हार घाला. तो संध्याकाळी सुकतो, आणि कोणाचं काही जात नाही.